इंजिन उतरवण्याआधी दुसऱ्याला दाखवा



गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्या भागात दोनच गोष्टींची विचारपूस होते. एक, ‘तोड आली का?’ आणि दुसरी, ‘गाडी आली का?’ तोड आली आणि गाडी आली नाही, तर पहिल्या गोष्टीचा आनंद संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की तासागणिक त्याचे वजन घटते आणि उताराही घसरतो. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे शेती खात्याची मंडळी बजावतात, ते याचसाठी.

अशा वेळी वाहतूकदाराची गाडी रस्त्यात धूर ओकू लागली म्हणजे त्याची काय अवस्था होते, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. कारखान्याशी करार झालेला असतो. उचल घेतलेली असते आणि ती मुकादमाच्या हातात गेलेली असते. कोयते फडात येऊन बसलेले असतात. गाडी थांबली म्हणून टोळीची चूल थांबत नाही आणि बँकेचा हप्ताही थांबत नाही. मग तो गाडी ओढत जवळच्या गॅरेजात नेतो, मिस्त्री जे सांगेल त्याला मान डोलावतो आणि दीड-दोन लाखांच्या खर्चाला एका मिनिटात होकार देऊन मोकळा होतो.

या एका मिनिटाबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे की, मोठ्या दुरुस्तीला होकार देण्याआधी गाडी दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवावी, आणि हे प्रत्येक सभासदाला सोपे व्हावे यासाठी आपल्या कारखान्याने पुढाकार घ्यावा.

हा शहाणपणा मला पुस्तकातून आलेला नाही. काही हंगामांपूर्वीची गोष्ट. जानेवारीचा तिसरा आठवडा होता. तासगाव बाजूच्या फडातून भरलेली गाडी घेऊन येताना साध्या चढाला ती दम तोडू लागली. मागे काळ्या धुराचा लोट. खालच्या गिअरवर कशीबशी कारखान्याच्या यार्डात आणली, खाली केली आणि एका नावाजलेल्या गॅरेजात लावली. तिथल्या प्रमुखाने दोन वेळा रेस करून पाहिले, धूर बघितला, ऑइलची काडी काढून बोटावर चोळली आणि म्हणाला, “मालक, इंजिन बसलंय. उतरवायला लागंल. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम. एक लाख साठ हजारांत बसवू. दहा दिवस धरा.”

मी मान डोलावली. घरी आलो आणि पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज भरायला बसलो. तारणाला सोने ठेवावे लागणार, म्हणून पाटल्यांचा विषय काढला. तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “अत्तींच्या डोळ्याचं आपरेशन सांगितलं, तवा आपण मिरजेला जाऊन दुसऱ्या डाक्टरांस्नी दाखवलं न्हवं? मग गाडी का दाखवत न्हाईसा?”

मला उत्तर देता येईना. बंधूंनो, आपण मिरजेच्या आसऱ्याची माणसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वानलेस यांनी मिरजेत वैद्यकीय काम सुरू केले, तेव्हापासून आसपासच्या मुलखातले लोक ‘एकदा मिरजेला दाखवून येऊ’ म्हणत आलेले आहेत. गावच्या डॉक्टरवर अविश्वास म्हणून कोणी मिरजेला जात नाही. पोट फाडण्याआधी आणखी दोन डोळ्यांनी बघितलेले बरे, एवढाच त्यातला हिशेब. काट्यावरच्या वजनाची शंका आली तर दुसऱ्या काट्यावर वजन करून बघणे हा आपला हक्क आहे, असेही आपण ठणकावून सांगतो. पण इंजिनाचे पोट फाडायची वेळ आली की हे सारे शहाणपण आपण घरी ठेवून जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवनगरातल्या एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो. एस.टी.च्या वर्कशॉपात उभी हयात काढून निवृत्त झालेले गृहस्थ. आता ते इंजिनाचे काम घेत नाहीत, त्यामुळे माझ्या इंजिनात त्यांचा काही फायदा नव्हता. ते स्कूटरवर मागे बसून गॅरेजात आले. गाडीला हात लावण्याआधी त्यांनी मला प्रश्नच विचारले.

“ऑइल किती खाती?”

“महिन्याला लिटरभर असंल.”

“रेडिएटरचं पाणी कमी हुतंय?”

“न्हाई.”

“धूर हळूहळू वाढला का एकाएकी?”

“मंगळवारपास्नं. सोमवारपर्यंत झकास पळत हुती.”

म्हातारबा हसले. म्हणाले, “इंजिन झिजतं ते वर्षानुवर्षं झिजतं. ते काय एका मंगळवारी झिजत न्हाई.”

मग त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढले आणि आतून किती दम येतो ते पाहिले. रिंगा-लायनर गेले असते तर तिथून धुराची वाफ फुसफुसत आली असती. तशी ती येत नव्हती. त्यांनी क्लीनर पोराला रेस वाढवायला सांगितली आणि टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपवरून हात फिरवत नेला. खालच्या अंगाला पाइप वीतभर फाटलेला होता. गाडी उभी असताना चीर मिटलेली दिसे. दाब आला की उघडे. इंजिनाला लागणारी हवा तिथून बाहेर जात होती, डिझेल मात्र पुरे जात होते. हवा कमी आणि डिझेल जादा, म्हणून काळा धूर आणि ओढ नाही. त्यात एअर फिल्टर उसाच्या पाचटाने आणि धुळीने गच्च भरलेला, तो वेगळाच.

पाइप, दोन क्लिपा, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि मजुरी मिळून चार हजार आठशे रुपये लागले. मिस्त्रींनी आढेवेढे घेत पाचशे घेतले. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी फडात होती. पाटल्या घरातच राहिल्या.

पहिला गॅरेजवाला मला लुबाडत होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या दारात हंगामात रोज आठ-दहा गाड्या उभ्या असतात. एकेका गाडीला तो किती वेळ देणार? जुनी गाडी, काळा धूर, ओढ नाही, म्हणजे इंजिन गेले, असा त्याने अनुभवाने अंदाज बांधला. दहापैकी चार वेळा तो खराही ठरत असेल. पण अंदाज त्याचा आणि पैसे आपले, हे विसरून चालायचे नाही.

मुळात धुरावरून इंजिनाची परीक्षा करणे म्हणजे तापावरून रोग ओळखण्यासारखे आहे. काळा धूर हवा कमी पडल्याने येतो, तसा नोझल खराब झाल्यानेही येतो आणि पंपाची मात्रा बिघडल्यानेही येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पण ते रिंगांतून येते आहे, व्हॉल्व्हच्या सिलातून येते आहे की टर्बोच्या सिलातून, हे तपासल्यावाचून कळत नाही. पांढरा धूर थंडीत सकाळी न जळलेल्या डिझेलाचाही असतो. गाडी गरम झाल्यावरही तो थांबला नाही आणि रेडिएटरचे पाणी उतरू लागले, तर मात्र हेड गॅस्केटची शंका घ्यावी. एका लक्षणाला तीन-तीन कारणे, आणि कुठे दोन हजारांचे काम तर कुठे दोन लाखांचे. म्हणूनच ‘कशावरून म्हणता?’ हा प्रश्न विचारायला लाजू नये. कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब बघता येतो. पंप-नोझलच्या कामाची दुकाने नोझल टेस्टिंगच्या यंत्रावर लावून फवारा आपल्या डोळ्यांसमोर दाखवतात. एवढे केल्यावर इंजिन उतरवायचे ठरले तर खुशाल उतरवावे.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. माझ्या एका पाहुण्यांची गाडी पाणी कमी करू लागली. पहिल्या मिस्त्रीने हेड उतरवायला सांगितले. पाहुण्यांना खर्च जड वाटला, म्हणून ते दुसऱ्याकडे गेले, तिथे तेच ऐकल्यावर तिसऱ्याकडे गेले. तिसरा म्हणाला, “काय हुत न्हाई, पाणी घालत चला, हंगाम काढा.” हे मत पाहुण्यांना गोड वाटले. पंधरा दिवसांनी रात्री भरल्या गाडीचे इंजिन तापून जाम झाले. जे काम तीस-पस्तीस हजारांत भागले असते त्याला पुढे त्याच्या पाचपट लागले, आणि हंगाम गेला तो गेलाच. दुसरे मत घ्यायचे ते खरे काय ते कळावे म्हणून. आपल्या मनासारखे ऐकायला मिळेपर्यंत दारोदार फिरणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. दोन जाणती माणसे वेगवेगळी तपासून एकच गोष्ट सांगत असतील, तर मुकाट्याने खर्च करावा.

यावर वाहतूकदार बंधू काय म्हणतील तेही मला माहीत आहे. पहिले म्हणणे, ‘हंगामात वेळ कुठला?’ इंजिन उतरवले तर दहा दिवस जाणारच असतात. त्यात तपासणीचा अर्धा दिवस गेला तर काही बिघडत नाही. दुसरे म्हणणे, ‘नेहमीचा मिस्त्री नाराज होईल, तो उधारी देतो.’ हे म्हणणे जास्त खरे आहे. उधारीच्या ओझ्याखाली माणसाची जीभ उचलत नाही. पण जो मिस्त्री कामाचा पक्का आहे तो दुसऱ्याच्या तपासणीला भीत नाही. ‘कुणालाबी दाखवा, हेच सांगंल’ असे तो छातीवर हात ठेवून म्हणतो. जो चिडतो, त्याच्याबाबत मात्र जरा विचार करावा.

अनुभवाने मी काही नियम पाळत आलो आहे, ते सभासदांच्या उपयोगी पडतील म्हणून देतो.

एक. दुसऱ्याने बघेपर्यंत इंजिन खोलू देऊ नये. एकदा खोलले की चालत्या इंजिनाची तपासणी करताच येत नाही आणि सुटे भाग टबात घालून गाडी दुसरीकडे नेताही येत नाही.

दोन. खर्चाचा अंदाज कागदावर घ्यावा. मजुरी वेगळी, सामान वेगळे, आणि कुठला भाग का बदलायचा ते त्यावर लिहून घ्यावे.

तीन. दुसऱ्या मिस्त्रीला पहिला काय म्हणाला ते आधी सांगू नये. गाडी काय करते आहे, कधीपासून करते आहे, एवढेच सांगावे. नाहीतर पहिल्याचेच मत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळते.

चार. बघणाऱ्याला बघण्याचे पैसे द्यावेत, आणि होता होईल तो ज्याला ते काम मिळणार नाही अशाच माणसाकडून बघून घ्यावे. फुकट मताला भिडेची किंवा लोभाची बाधा लवकर होते.

पाच. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत. लायनर बदलला असेल तर झिजलेला लायनर दिसला पाहिजे. सामानाचे पक्के बिल घ्यावे.

नवीन गाड्या घेतलेल्या सभासदांना वाटेल की, हे सारे जुन्या गाड्यांचे पुराण आहे. तसे नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियमांच्याच गाड्या विकल्या जाऊ लागल्या, आणि धूर साफ करण्याची सारी यंत्रणा गाडीत आली. सेन्सर वाढले, डिझेलचा दाब प्रचंड वाढला आणि एकेक भाग महागला. आता मिस्त्री स्कॅनर लावतो, पडद्यावर कोड येतो आणि ‘अमुक भाग गेला’ असे सांगतो. पण कोड इतकेच सांगतो की अमुक ठिकाणचे मोजमाप मर्यादेबाहेर गेले. तिथला भाग बिघडला आहे, सेन्सर बिघडला आहे की उंदराने वायर कुरतडली आहे, हे माणसानेच तपासायचे असते. कोड पाहून महागडा भाग बदलला आणि दिवा तसाच जळत राहिला, असे ऐकण्यात येते. तेव्हा नव्या गाडीला दुसऱ्या मताची गरज उलट जास्तच आहे.

जाता जाता एक धोक्याची सूचना. या गाड्यांच्या वेगळ्या टाकीत जो युरिया घालतात तो अतिशुद्ध पाण्यात केलेला 32.5 टक्क्यांचा तयार द्राव असतो. आपण शेतकरी, घरात युरियाचे पोते असतेच. पण शेतातला युरिया पाण्यात कालवून त्या टाकीत घालू नये. त्यातल्या इतर घटकांनी ती यंत्रणा खराब होते, आणि वाचवलेल्या शंभर रुपयांपायी लाखाचे काम निघते.

दुरुस्ती कुठे करायची हे गाडीच्या मालकाने ठरवावे, हा विचार आता सरकारदरबारीही पोचला आहे. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग व तपासणीची साधने मोकळेपणाने मिळत नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण मुद्दा देशापुढे आला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले. त्यात मोटारगाड्यांबरोबर शेतीची अवजारेही धरली आहेत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष सेवेबद्दल जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला हा कायदा लागू नाही, मात्र जो केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबतो त्याला सवलत आहे. एका गाडीवर घर चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पण हातात कागद नसेल तर कुठलाच कायदा मदतीला येत नाही, म्हणून वरचा दुसरा नियम.

आता ज्या सभासदांकडे गाडी नाही, ते म्हणतील, ‘याच्याशी आमचा काय संबंध?’ संबंध सरळ आहे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी ठरवली. पण आपल्या हातात पडतो तो दर तोडणी-वाहतूक वजा जाऊन. वाहतूकदाराची गाडी वारंवार बसली, नको त्या खर्चात तो बुडाला, की पुढच्या हंगामात तो दर वाढवून मागतो किंवा धंदा सोडतो. दोन्हींचा भार शेवटी प्रत्येक सभासदाच्या बिलावर येतो, आणि तुटलेला ऊस फडात वाळतो तो तर गाडी नसणाऱ्याचाच.

म्हणून माझी संचालक मंडळाला नम्र सूचना आहे. आपला कारखाना साधी मोटर घ्यायची तर तीन दरपत्रके मागवतो, ती समितीपुढे ठेवतो आणि मग खरेदी करतो. गाळप संपले की मिलचा एकेक भाग उघडून, मोजून, झिजला असेल तोच बदलतो. हीच शिस्त सभासदांच्या गाड्यांना लावता येईल. कारखान्याच्या वर्कशॉपात जाणते फिटर आहेत, हत्यारे आहेत. करार केलेल्या वाहनांसाठी माफक फी घेऊन तिथे तपासणी करून द्यावी आणि काय बिघडले आहे याची सहीची चिठ्ठी द्यावी. दुरुस्ती मात्र तिथे करू नये. ती सभासदाने पाहिजे तिथे करावी. तपासणारा आणि काम करणारा वेगळा राहिला तरच त्या चिठ्ठीला किंमत राहील. दुसरे असे की, दसऱ्याच्या आधी एक तपासणी शिबिर ठेवावे. जानेवारीत जे काम अडून करावे लागते, ते सप्टेंबरात भाव करून करता येते. एक स्कॅनर आणि एक कॉम्प्रेशन गेज एवढी खरेदी कारखान्याला जड नाही. एकेकट्या वाहतूकदाराला मात्र ती जड आहे, आणि जे एकट्याला जड ते सर्वांनी मिळून करायचे, यासाठीच तर आपण शेअर घेतले.

किर्लोस्करवाडी आपल्यापासून फार दूर नाही. 1910 साली तिथे माळावर कारखाना उभा राहिला आणि आपल्या भागातल्या शेतकऱ्याची यंत्राशी ओळख झाली. माझे वडील शाळा शिकलेले नव्हते, पण विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा ठोका बदलला की जेवणावरून उठून जात आणि आधी फिल्टर बघत, मग नोझल बघत, मग बाकीचे. स्वस्तातले आधी तपासायचे आणि महागातले शेवटी, एवढा त्यांचा शिरस्ता. ती सवय आपण मोठ्या गाड्या घेतल्यावर घालवून बसलो.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तपासणीच्या सोयीचा विषय मी मांडणार आहे. ज्यांना पटेल त्यांनी पाठिंबा द्यावा, ज्यांना पटणार नाही त्यांनी उठून तसे सांगावे. तोवर एवढीच विनंती की, कोणी ‘इंजिन उतरवायला लागंल’ म्हणाला तर लगेच मान डोलावू नका. “बघून सांगतो,” म्हणा, आणि खरोखरच दुसऱ्याला दाखवून या.

— एक वाहतूकदार सभासद, माधवनगर